दाढ काढली तरी दुखणं राहिलं



आपल्या घरांत दुखण्यांची एक ठरलेली वाटणी असते. गुडघा दुखला की हाडांचे डॉक्टर, डोळे चुरचुरले की डोळ्यांचे, दाढ ठणकली की दातांचे. बहुतेक वेळा ही वाटणी बरोबरच असते. पण काही आजार ही वाटणी मानत नाहीत. ते थोडे सांध्यांत बसतात, थोडे डोळ्यांत, थोडे तोंडात, आणि कधी कधी चेहऱ्याच्या नसेत जाऊन बसतात. मग एकाच आजाराच्या चार तक्रारी चार दवाखान्यांत जातात आणि आजार कुणालाच सापडत नाही. या महिन्यात आम्ही अशाच एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. संधिवाताच्या जातीच्या आजारांतून उद्भवणारी ही चेहऱ्याची वेदना फार लोकांना होत नाही. पण ज्यांना होते त्यांची वर्षं वाया जातात, आणि पुष्कळदा दातही.

सिल्व्हर पार्कची हकीकत

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागात राहणाऱ्या एका भगिनीने आपली हकीकत आम्हाला सांगितली आणि नाव न देता लिहायला परवानगी दिली. इथे आम्ही त्यांना आपा म्हणू. वय पंचेचाळिशीच्या पुढे. घरात सासूबाई, नवरा आणि दोन मुलं.

दुखणं सुरू झालं ते डाव्या गालात, वरच्या दाढेपाशी. आधी मुंग्या आल्यासारखं, मग आतून भाजल्यासारखं. आपा दातांच्या दवाखान्यात गेल्या. एक्स-रे झाला, दाढ किडलेली होतीच, रूट कॅनाल झालं. दुखणं थांबलं नाही म्हणून दाढ काढली. दोन महिन्यांनी शेजारचीही काढली. तोंडात दोन खिंडारं पडली, दुखणं मात्र होतं तिथेच राहिलं.

पुढे वरचा ओठ आणि गाल बधिर झाला. दात काढताना दिलेली भूल अजून उतरली नाही असं त्यांना वाटत राहिलं. चहा किती गरम आहे ते डाव्या बाजूला कळेना. जेवताना गाल आतून चावला जायचा आणि रक्त आल्यावर लक्षात यायचं.

डोळ्यांत रेती गेल्यासारखं तर त्याआधी दोन वर्षांपासून होत होतं. त्यासाठी वेगळ्या डॉक्टरांचे थेंब चालू होते. सकाळी बोटं आखडलेली असायची, कणीक मळण्याआधी तासभर हात मोकळे व्हायची वाट पाहावी लागायची. ते धुण्याभांड्यांच्या पाण्यामुळे होतं असं घरात ठरून गेलं होतं. तोंड इतकं कोरडं पडायचं की रात्री उशाशी पाण्याची बाटली लागायची आणि खारी चहात बुडवल्याशिवाय घशाखाली उतरायची नाही. शुगर असेल म्हणून रक्त तपासलं, शुगर नॉर्मल आली, विषय संपला.

दातांच्या डॉक्टरांना डोळ्यांचं ठाऊक नव्हतं, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोटांचं. आपांनाही ही सगळी एकाच घरची माणसं आहेत याची कल्पना नव्हती. शेवटी तापासाठी एका फिजिशियनकडे गेल्या असताना त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले: डोळे कोरडे पडतात का, तोंड सुकतं का, सकाळी सांधे किती वेळ आखडतात? मग त्यांनी संधिवाततज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी दिली. निदान झालं शोग्रेन सिंड्रोमचं. गालातली आग आणि बधिरपणा हाही त्याच आजाराचा भाग होता. पहिली दाढ काढल्यापासून तोवर तीन वर्षं झाली होती.

यात दातांच्या डॉक्टरांची चूक काढण्यात अर्थ नाही. शोग्रेनमध्ये लाळ कमी होते, लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. म्हणजे दात खराब होते हेही खरं, आणि दुखणं दाताचं नव्हतं हेही खरं. म्हणून तर हा आजार चकवतो.

चेहऱ्याच्या दोन नसा

आपल्याकडे चेहऱ्याला काहीही झालं की ‘लकवा’ हा शब्द येतो. म्हणून आधी एक फरक समजून घेऊ. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला दोन मुख्य मज्जातंतू असतात. एक चेहरा हलवतो, म्हणजे हसणं, डोळा मिटणं, गाल फुगवणं. तो बिघडला की तोंड वाकडं होतं, त्याला आपण लकवा म्हणतो. दुसरा चेहऱ्याला जाणीव देतो, म्हणजे स्पर्श, थंड-गरम, दुखणं. याला ट्रायजेमिनल म्हणतात, म्हणजे तिहेरी, कारण त्याच्या तीन शाखा आहेत. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. आजचा विषय या दुसऱ्या मज्जातंतूचा आहे. यात तोंड वाकडं होत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि घरातल्यांना दुखणं खरं वाटत नाही ते त्यामुळेच.

या मज्जातंतूचं दुखणं ढोबळमानाने दोन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार विजेच्या झटक्याचा. याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. अचानक कळ येते, काही सेकंदांपासून फार तर दोन मिनिटं टिकते, थांबते, पुन्हा येते. साधारणपणे चेहऱ्याच्या एकाच बाजूला. दात घासणं, घास चावणं, बोलणं, गालाला दुपट्टा लागणं, पंख्याचा वारा, एवढ्याशा कारणाने कळ उठते. बहुतेकदा पन्नाशीनंतर होतो आणि पुष्कळ रुग्णांत मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी या मज्जातंतूवर दाबत असते.

हे दुखणं नवीन नाही. इस्माईल जुरजानी या अकराव्या-बाराव्या शतकातल्या हकीमांनी फारसी भाषेत ‘ज़खीरा-ए-ख्वारज़्मशाही’ हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात चेहऱ्याच्या एका बाजूच्या अशा वेदनेचं वर्णन आहे, आणि धमनी नसेच्या जवळ असणं हे तिचं कारण सांगितलं आहे. एमआरआय यायच्या कितीतरी शतकं आधी ही बाब एका मुस्लिम हकीमाने लिहून ठेवली होती.

दुसरा प्रकार सावकाश येणारा. यात झटके कमी आणि सततची आग, मुंग्या, टोचणं जास्त. मुख्य खूण म्हणजे बधिरपणा. वरचा ओठ, गाल, हनुवटी यांची जाणीव हळूहळू कमी होते. एका बाजूला सुरू होऊन दुसऱ्या बाजूलाही जाऊ शकतो. संधिवाताच्या जातीच्या आजारांत होतो तो बहुधा हा दुसरा प्रकार.

दोन प्रसिद्ध चेहरे

पहिला प्रकार आपल्याकडे घराघरांत माहीत झाला तो सलमान खान यांच्यामुळे. त्यांना ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होता, 2011 साली त्यांनी अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्या वेदनेविषयी ते जाहीरपणे अनेकदा बोलले आहेत. त्याच 2011 साली टेनिसपटू व्हीनस विल्यम्स यांनी अमेरिकन ओपन स्पर्धा मध्येच सोडली आणि आपल्याला शोग्रेन सिंड्रोम असल्याचं जाहीर केलं. त्या थकव्याने त्रासल्या होत्या. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी बहीण सेरेनासोबत दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं.

सलमान यांचं दुखणं संधिवाताचं नव्हतं, आणि व्हीनस यांनी चेहऱ्याच्या वेदनेसाठी स्पर्धा सोडली नव्हती. दोन्ही वेगळे आजार म्हणून लोकांना ठाऊक झाले. आपांच्या बाबतीत मात्र चेहऱ्याची नस आणि शोग्रेन ही दोन नावं एकाच माणसाच्या फाइलमध्ये आली. असं होऊ शकतं हे आम्हाला आज सांगायचं आहे.

शरीर आपल्याच घरावर का उठतं

आपल्या शरीराची एक संरक्षण व्यवस्था असते. बाहेरून जंतू आले की ती त्यांच्याशी लढते. काही लोकांत ही व्यवस्था गोंधळते आणि स्वतःच्याच अवयवांना परकं समजून त्यांच्यावर हल्ला करते. अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. त्यातले बरेचसे सांध्यांना सूज आणतात म्हणून ते संधिवाततज्ज्ञाकडे जातात. पण नुसता सांधा दुखणं एवढीच त्यांची ओळख नाही.

शोग्रेनमध्ये अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथी सुकतात. हेन्रिक शोग्रेन या स्वीडनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1933 साली आपल्या प्रबंधात त्याचं सविस्तर वर्णन केलं, त्यांचंच नाव आजाराला मिळालं. याच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ बायका असतात. स्क्लेरोडर्मामध्ये त्वचा कडक होते, थंडीत किंवा थंड पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात. ल्युपसमध्ये उन्हाने चेहऱ्यावर चट्टे उठतात, तोंड येतं, केस गळतात, सांधे दुखतात. काहींमध्ये या आजारांची लक्षणं मिसळलेली असतात, त्याला मिश्र संयोजी ऊतींचा आजार म्हणतात. चेहऱ्याच्या नसेचा बधिरपणा या सगळ्यांत होऊ शकतो.

नसेचंच का बिघडतं? ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या पेशी कवटीच्या आत एका गाठीत गोळा झालेल्या असतात. मेंदूला रक्तातल्या नको त्या गोष्टींपासून वाचवणारा एक पडदा असतो, तो या गाठीपाशी विरळ असतो. त्यामुळे शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली द्रव्यं आणि पेशी तिथे सहज पोचत असाव्यात आणि सूज आणत असाव्यात, असं तज्ज्ञ मानतात.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1990 साली अशा 81 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत चेहऱ्याची तक्रार आणि मूळ आजाराची लक्षणं एकाच सुमाराला सुरू झाली होती, आणि थोड्यांमध्ये तर चेहऱ्याची तक्रार आधी आली होती. याचा आपल्यासाठी अर्थ असा की चेहऱ्याचा बधिरपणा हा जुन्या संधिवाताचा शेवटचा टप्पा नसतो. कधी कधी तो पहिला निरोप असतो.

हे मोठ्या शहरांचे किंवा परदेशातले आजार आहेत असंही कुणी समजू नये. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात 1996 साली सांधेदुखीची घरोघर पाहणी झाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातल्या कार्यक्रमाखाली. त्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा ऑटोइम्यून संधिवात दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आढळला. तो खेड्यात आहे, तसा आपल्या इमारतींतही आहे.

डॉक्टरांकडे काय सांगायचं

आमचं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: तक्रारी तुकड्या-तुकड्यांत सांगू नका, एका कागदावर एकत्र लिहून न्या. चेहरा दुखतो किंवा बधिर झाला आहे, आणि सोबत खालीलपैकी काही असेल तर तेही त्याच कागदावर येऊ द्या.

डोळ्यांत रेती गेल्यासारखं वाटतं. कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नाही. सकाळी बोटं अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडलेली राहतात. थंड पाण्यात बोटांचा रंग बदलतो. उन्हाने चट्टे येतात. तोंड वारंवार येतं. कानापुढची लाळेची गाठ पुन्हा पुन्हा सुजते. विश्रांती घेऊनही जात नाही असा थकवा आहे. घरात कुणाला ल्युपस, थायरॉइड किंवा असा संधिवात आहे. या वर्षभरात कोणकोणते दात काढले आणि त्याने फरक पडला की नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दात काढूनही दुखणं तसंच राहिलं तर दुसरा दात काढण्याआधी थांबा आणि फिजिशियनचं मत घ्या.

सिल्व्हर पार्ककडच्या माणसाने सुरुवात आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करावी, किंवा भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात जावं, ज्याला लोक टेंबा हॉस्पिटल म्हणतात. तिथून पुढे चिठ्ठी घेऊन तज्ज्ञाकडे. संधिवाताचा स्वतंत्र विभाग परळच्या केईएम रुग्णालयात आहे. मीरा रोडहून लोकलने प्रभादेवीला उतरलं की पलीकडे परळ. वेळ लागतो, रांग असते, पण एकदा निदान झालं की पुढचे दहा फेरे वाचतात. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्यांना भेटा आणि आपला आजार योजनेत बसतो का ते विचारा.

डॉक्टर साधारण कोणत्या तपासण्या करतात तेही सांगतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. कापसाने आणि टाचणीने चेहऱ्याची जाणीव तपासतात. एमआरआय करतात, कारण रक्तवाहिनीचा दाब, गाठ किंवा मेंदूचा दुसरा आजार नाही याची खात्री करावी लागते. रक्तात एएनए आणि अँटी-आरओ या चाचण्या होतात. एएनए धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून एकट्या त्या कागदावरून आजार ठरत नाही. डोळ्यांसाठी शर्मर टेस्ट असते. कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं ठेवतात. ती पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू कमी आहेत असं समजतात. कधी खालच्या ओठाच्या आतून लाळग्रंथीचा बारीकसा तुकडा घेऊन तपासतात.

काही गोष्टींसाठी मात्र कागद लिहीत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. चेहरा अचानक बधिर किंवा वाकडा झाला, हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं. किंवा पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखू लागलं, चावताना जबडा भरून येतो आणि नजर अंधुक होते. डोळा लाल झाला, दिसणं कमी झालं आणि तो बधिर असल्याने दुखत नाही, हेही तातडीचंच.

औषधांचं थोडं

मेडिकलवरून आणलेल्या नेहमीच्या पेनकिलरने नसेचं दुखणं सहसा हटत नाही. उलट महिनोन्महिने घेतल्या तर मूत्रपिंडाला धोका. झटक्यांच्या प्रकाराला कार्बामाझेपिन हे औषध पुष्कळदा चांगलं लागू पडतं. ते कमी मात्रेने सुरू करून वाढवतात, आणि एकदम बंद करत नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर मात्र पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आशियाई वंशाच्या काही लोकांना या औषधाची गंभीर ॲलर्जी होण्याचा धोका असतो आणि तो आधी ओळखणारी रक्तचाचणीही आहे. या औषधाने रक्तातलं सोडियम घटू शकतं, गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि स्टेरॉइडचा असर कमी होऊ शकतो, आणि गर्भातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि दिवस गेले आहेत का, हे सांगायला लाजू नका.

सततच्या आगीसाठी वेगळी औषधं असतात: गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, कधी ॲमिट्रिप्टिलिन. पण ॲमिट्रिप्टिलिनने तोंड आणि डोळे आणखी कोरडे पडतात. ज्याला आधीच शोग्रेन आहे त्याने तो त्रास आठवणीने सांगायला हवा. सगळ्या तक्रारी एकत्र सांगण्याचा हा दुसरा फायदा. मूळ आजारासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, स्टेरॉइड किंवा इतर औषधं तज्ज्ञ ठरवतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्यांचा पडदा ठरलेल्या काळाने तपासून घ्यावा लागतो.

खोटी आशा आम्ही देणार नाही. रक्तवाहिनीचा दाब असेल तिथे शस्त्रक्रियेने खूप फरक पडतो, पण सुजेने बिघडलेल्या नसेला तो उपाय नाही. मूळ आजार आटोक्यात आला तरी बधिरपणा काही जणांत राहतो. आपांचाही थोडा राहिला आहे. पण आग कमी झाली, रात्रीची झोप परत आली आणि उरलेले दात वाचले.

बधिर गालाचीही काळजी घ्यावी लागते. चहा-सूप किती गरम आहे ते चांगल्या बाजूच्या ओठाने पाहा. कडक हाडाचा, काट्याचा घास त्या बाजूला नको. फ्लोराइडची टूथपेस्ट वापरा, झोपताना दात घासा, सुपारी-गुटखा-मिसरी सोडा. कपाळाची आणि डोळ्याची शाखा बधिर असेल तर डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही, म्हणून रिक्षात बसताना चष्मा लावा. मेट्रोचा पूल, बांधकामं आणि वाहनांची गर्दी यांमुळे आपल्या रस्त्यावर धूळ किती असते ते सांगायला नको.

वुजू आणि रोजा

हा भाग दवाखान्यात कुणी विचारत नाही आणि बायका स्वतःहून सांगत नाहीत. पाच वेळच्या नमाजीला पाच वेळा चेहरा धुवावा लागतो. ज्याची नस पाण्याच्या स्पर्शाने उठते त्याच्यासाठी प्रत्येक वुजू ही परीक्षा असते. आपा थंडीच्या दिवसांत फजरच्या वेळी नळापाशी उभ्या राहून रडत असत. घरात कुणाला वाटे दुआ मागत आहेत.

दीन इतका अवघड नाही. वुजूमध्ये चेहरा एकदा धुणं फर्ज आहे, तीनदा धुणं सुन्नत. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत, इतर बरेच हनफी. दोन्ही मसलकांत वुजूमधलं कुल्ली करणं आणि नाकात पाणी घेणं सुन्नत आहे. म्हणून त्रास असताना कोमट पाणी घ्या, ओंजळ मारण्याऐवजी हात ओला करून हळूच पाणी वाहू द्या, एकदाच धुवा. बधिर गाल असेल तर पाणी किती गरम आहे ते हाताने पाहा. मिसवाक दुखऱ्या बाजूला लावू नका. पाणी सोसतच नसेल तर सूरह निसाची 43 वी आणि सूरह माइदाची 6 वी आयत तयम्मुमची मुभा सांगताना आजारी माणसाचा उल्लेख करते. तयम्मुममध्येही चेहऱ्यावरून हात फिरवायचा असतो, तो अगदी हलका फिरवा. आपल्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते मस्जिदीतल्या इमामांना किंवा मुफ्तींना विचारा. ‘चेहऱ्याची नस आजारी आहे, पाण्याने कळ येते’ असं स्पष्ट सांगा. बायकांनी घरातल्या पुरुषाकडून विचारून घ्यायला हरकत नाही, पण प्रश्न पूर्ण पोचला पाहिजे.

रोजाचंही तसंच. सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत आजाऱ्याला सवलत आहे, सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. आजार कायमचा असेल तर फिदयाचा मसला आलिमांकडून समजून घ्यावा. रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटा. काही गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात, काहींच्या वेळा बदलता येत नाहीत. लाळ नसलेल्या तोंडाने दिवसभर पाण्याविना राहणं झेपेल का, हेही त्यांना विचारा. लोक काय म्हणतील म्हणून गुपचूप गोळी सोडून देणं हे सबरमध्ये मोडत नाही. आपले प्रेषित (स.) यांनी इलाज करून घेण्याची शिकवण दिली आहे. इलाज आणि तवक्कुल एकमेकांच्या आड येत नाहीत.

घरातल्यांसाठी

या दुखण्याची सगळ्यात वाईट गोष्ट आपांनी आम्हाला सांगितली ती वेदनेबद्दल नव्हती. ‘चेहरा तर चांगला दिसतोय’ हे वाक्य त्यांना सगळ्यात जास्त लागलं. सासूबाईंना वाटे सून बोलायचं टाळते. खरं तर बोललं की गाल हलत होता आणि कळ उठत होती. मुलांना वाटे अम्मी रागावली आहे. दावतीला गेल्या नाहीत की नातेवाईक नाराज. निदानाचा कागद घरी आला तेव्हा सासूबाईंनी तो मुलाकडून दोनदा वाचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी फजरला सुनेसाठी पाणी कोमट करून ठेवलं.

कागद यायची वाट पाहायची गरज नाही. घरातली बाई बोलणं कमी करू लागली, एका बाजूने जेवू लागली, दात घासायला घाबरू लागली, पंख्याखालून उठून जाऊ लागली, तर तिला विचारा. सतत दुखण्याने मन खचतं, जगणं नकोसं वाटतं. असं कुणी बोलून दाखवलं तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

या महिन्यात एक काम करा. घरात ज्या कुणाला बरेच दिवस चेहऱ्याचं किंवा दाढेचं दुखणं आहे, त्याच्याजवळ बसा आणि वर सांगितलेला कागद त्याच्यासोबत लिहा. दाढेबरोबर डोळे, बोटं, थकवा, सगळं एकाच कागदावर. पुढच्या भेटीत तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. पुष्कळदा त्या कागदावर आजार नसेल, नुसती किडकी दाढच निघेल, आणि अल्हम्दुलिल्लाह. पण एखाद्या घरात तो कागद तीन वर्षं वाचवेल.

अल्लाह आपणा सर्वांना शिफा देवो. पुढच्या अंकात भेटू, इन्शाअल्लाह.